नकाशावरचा रंग: क्राइम गेममधली गरीब वस्ती समजून घेताना

"वर्चस्वाच्या वादातून तरुणाचा खून." नागपुरात रोज पेपर वाचणाऱ्याला ही ओळ पाठ झालेली असते. परवा ताईकडे चहा घेताना मी ती मोठ्याने वाचली, तेव्हा मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेल्या भाच्याने मान वर न करताच विचारलं, "मामा, वर्चस्व म्हणजे नेमकं काय न? गेममध्ये तर नकाशा हिरवा होते. इथं काय होते?"

भाचा एकोणीस वर्षांचा, पॉलिटेक्निकला आहे. तो खेळत होता 'ग्रँड थेफ्ट ऑटो: सॅन अँड्रियास'. त्याच्या वयाचा असताना मीही हाच गेम खेळलो, नंदनवनमधल्या एका सायबर कॅफेत, तासाला १५ रुपये देऊन. चीट कोडची, म्हणजे गेममध्ये फुकट सवलती मिळवून देणाऱ्या गुप्त अक्षरांची, झेरॉक्स आम्ही चौघं मित्र आळीपाळीने खिशात ठेवायचो. घडी घालून घालून तिचे चार तुकडे झाले तेव्हा दुसरी काढली. मालिकेच्या नव्या भागाचा पहिला ट्रेलर डिसेंबर २०२३ मध्ये आला आणि तेव्हापासून पोट्ट्यांमध्ये जुन्या भागांची चर्चा पुन्हा रंगते आहे. सोबत आईवडिलांचे प्रश्नही आलेच. या गेममध्ये गरीब वस्ती आणि टोळ्याच का असतात? हे पाहून मुलं काय शिकतात?

मी स्वतः मेडिकल चौकाच्या पलीकडे, नाल्याकाठच्या वस्तीत वाढलो. वस्तीचं नाव सांगितलं की समोरच्याचा चेहरा कसा बदलतो, ते मी लहानपणापासून पाहत आलोय. त्यामुळे भाच्याचा प्रश्न चहासोबत संपवून टाकावासा वाटला नाही.

गेममध्ये आहे तरी काय?

सॅन अँड्रियास ऑक्टोबर २००४ मध्ये प्लेस्टेशन २ वर आला आणि त्या यंत्रावर सर्वांत जास्त खपलेला गेम ठरला. कथा १९९२ सालची आहे. कार्ल जॉन्सन ऊर्फ सीजे हा कृष्णवर्णीय तरुण पाच वर्षांनी आपल्या शहरात परत येतो, कारण त्याच्या आईचा खून झालेला असतो. शहराचं नाव लॉस सँटोस. ते काल्पनिक आहे, पण अमेरिकेतलं लॉस एंजेलिस ओळखणाऱ्याला खुणा लगेच पटतात. सीजेचं गँटन म्हणजे खरं कॉम्प्टन, आयडलवूड म्हणजे इंगलवूड, विलोफिल्ड म्हणजे विलोब्रूक.

गँटनमध्ये ग्रोव्ह स्ट्रीट नावाची एक गल्ली आहे, पुढे बंद होणारी. तिथली टोळी हिरवे कपडे घालते. शेजारच्या बल्लास टोळीचा रंग जांभळा, वागोस टोळीचा पिवळा. लॉस एंजेलिसच्या खऱ्या दोन मोठ्या टोळ्यांचे रंग, क्रिप्सचा निळा आणि ब्लड्सचा लाल, गेमने या टोळ्यांना दिले नाहीत.

एक गोष्ट इथंच सांगून ठेवतो. ही वस्ती उभी केली स्कॉटलंडमधल्या एडिंबरा शहरातल्या स्टुडिओने. लेखकांमध्ये डीजे पूह हा लॉस एंजेलिसचा माणूस होता, त्यामुळे बोलणं, गाणी, विनोद अस्सल वाटतात. पण नकाशा ज्यांनी आखला ते समुद्रापलीकडचे. वस्ती कोणाची आणि नकाशा कोणाचा, हा मुद्दा पुढे पुन्हा येणार आहे.

वस्ती संगणकात उभी कशी करतात?

सॅन अँड्रियासला 'ओपन वर्ल्ड' गेम म्हणतात, म्हणजे ठरावीक वाटेवरून न जाता खेळणाऱ्याने मनाला येईल तिकडे फिरायचं. तीन शहरं, मध्ये खेडी, डोंगर, वाळवंट. आणि प्लेस्टेशन २ ची मुख्य मेमरी किती? ३२ एमबी. आज लग्नाचा एक व्हिडिओसुद्धा त्यात मावत नाही. मग एवढं शहर बसवलं कसं?

आपल्याकडची रात्रीची वरात डोळ्यांसमोर आणा. डोक्यावर दिवे घेतलेले लोक दोन्ही बाजूंनी चालत असतात. नवरदेवाच्या आजूबाजूला लख्ख उजेड, पुढचा रस्ता अंधारात, मागचा पुन्हा अंधारात. उजेड नवरदेवाबरोबर सरकतो. गेममधलं शहर तसंच चालतं. सीजे जिथं उभा, तेवढ्या परिसरातल्या इमारती, गाड्या आणि माणसं मेमरीत येतात. तो पुढे गेला की मागचं पुसलं जातं. रस्त्यावर दिसलेली बाई कोपऱ्यावरून वळली आणि तुम्ही दुसरीकडे गेलात, की ती बाई नाहीच. तिला घर नाही, तिला कुठे जायचं नव्हतं. अशा पात्रांना गेमवाले 'एनपीसी' म्हणतात, म्हणजे ज्याला कोणी खेळवत नाही असं पात्र. मी त्यांना गर्दी म्हणेन.

दारांचंही तसंच. ग्रोव्ह स्ट्रीटवरची बहुतेक दारं भिंतीवर काढलेली चित्रं आहेत. सीजेचं घर उघडतं, अजून मोजकी काही उघडतात, बाकी नाही. भाच्याने हे मला करूनही दाखवलं. एका घरासमोर जाऊन दारावर धडका देत राहिला. "हे दारं उघडतच नाहीत न मामा. आत कोणी राहतच नाही."

त्याची तक्रार तांत्रिक होती. माझ्या मात्र ती मनात रुतून बसली. मेमरी कमी असली की काहीतरी वगळावं लागतं, हे खरंच आहे. पण बंदूक, गाडी आणि शत्रू वगळले जात नाहीत, घराच्या आतली माणसं वगळली जातात. आज यंत्रांची मेमरी शेकडो पटींनी वाढली आहे. २०१३ साली आलेल्या पाचव्या भागातही ग्रोव्ह स्ट्रीट आहे, डेव्हिस नावाच्या भागात, आधीपेक्षा किती तरी देखणी. दारं तिथंही बहुतेक बंदच.

मग 'वर्चस्व' म्हणजे काय?

गेमचा नियम सोपा आहे. नकाशावर भाग रंगवलेले असतात. जांभळ्या भागात पायी जायचं, तिथल्या टोळीची काही माणसं मारायची. मग शत्रूच्या तीन लाटा येतात. तिन्ही परतवल्या की तो भाग हिरवा. आता तिथं आपली पोरं उभी दिसतात, त्या भागाचा पैसा येतो आणि 'रिस्पेक्ट' नावाची पट्टी वाढते. पट्टी वाढली की जास्त साथीदार मागे येतात. जिंकलेल्या भागावर कधी कधी हल्लाही होतो, तेव्हा धावत जाऊन तो राखायचा.

खऱ्या आयुष्यात गल्ली हिरवी होत नाही. मग टोळ्या गल्लीसाठी का भांडतात?

सक्करदऱ्याचा बुधवार बाजार घ्या. भाजीवाल्या मावशीची एक ठरलेली जागा असते. वीस वर्षं ती तिथेच बसते, गिऱ्हाईक तिला तिथेच शोधत येतं. उद्या कोणी तिच्या जागेवर बसलं तर ती भांडेल, शेजारचे तिची बाजू घेतील, महापालिकेच्या पावतीचा आधार असेल, फारच झालं तर पोलीस आहेत, कोर्ट आहे. आता तोच धंदा बेकायदा आहे असं समजा. हातभट्टी, सट्टा, एमडी पावडर, दुकानदारांकडून हप्ता, दुसऱ्याच्या प्लॉटवर ताबा. अशा धंदेवाल्याची जागा कोणी घेतली तर तो तक्रार कुठे करणार? त्याच्याकडे पावती नाही आणि कोर्ट नाही. त्याच्याजवळ एकच कागद असतो, तो म्हणजे लोकांच्या मनातली भीती. ती भीती ताजी ठेवावी लागते. म्हणून भर चौकात वाढदिवसाला तलवारीने केक कापायचा आणि त्याचा व्हिडिओ टाकायचा. म्हणून पानठेल्यावर धक्का लागल्याचं निमित्त होऊन चाकू निघतो. वर्चस्व म्हणजे ही भीती गोळा करण्याचा हक्क. तो एका गल्लीत एकालाच मिळू शकतो, म्हणून वाद.

राज्याच्या कायद्यालाही हे ठाऊक आहे. बातम्यांत 'एमपीडीएखाली स्थानबद्ध' असं आपण वाचतो. १९८१ च्या या कायद्याच्या लांबलचक नावात 'झोपडपट्टीगुंड' हा शब्द आहे. पुष्कळांना वाटतं, त्याचा अर्थ झोपडपट्टीत राहणारा गुंड. तसा तो नाही. बेकायदा जमीन बळकावून त्यावर घरं उठवणारा, भाड्याने देणारा, धाकदपटशाने वसुली करणारा, असा कायद्यातला अर्थ आहे. म्हणजे वस्तीत राहणारा माणूस इथं गुन्हेगार नाही, गिऱ्हाईकही नाही. तो ज्याच्याकडून वसुली होते तो आहे. गेममध्ये या माणसाला जागाच नाही, कारण तो खेळणाऱ्याच्या उपयोगाचा नाही.

नकाशा पहिल्यांदा कोणी रंगवला?

हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून इथं थोडा थांबतो.

लॉस एंजेलिसच्या वस्त्यांना रंग देणारे पहिले लोक टोळीवाले नव्हते, गेमवालेही नव्हते. १९३३ मध्ये अमेरिकी सरकारने घरकर्जासाठी एक संस्था काढली. तिने देशभरातल्या शहरांचे नकाशे बनवले आणि प्रत्येक भागाला दर्जा दिला. हिरवा म्हणजे उत्तम, मग निळा, मग पिवळा, आणि लाल म्हणजे धोक्याचा. लॉस एंजेलिसचा नकाशा १९३९ चा आहे. भाग कोणत्या रंगात जाणार हे घरं किती जुनी यावर जसं ठरायचं, तसंच तिथं राहणारे लोक कोण यावरही. कृष्णवर्णीय कुटुंबं दिसली की लाल. लाल भागात कर्ज देणं म्हणजे पैसे बुडवणं, असा हिशेब बसला. या प्रथेला पुढे 'रेडलायनिंग' नाव पडलं. दुसरीकडे चांगल्या भागांतल्या घरांच्या कागदपत्रांतच अट असायची की हे घर कृष्णवर्णीयाला विकायचं नाही. अशा अटी कोर्टातून बजावता येणार नाहीत, हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४८ मध्ये सांगितलं. घरांच्या बाबतीतल्या भेदभावावर कायद्याने बंदी आली ती १९६८ मध्ये.

म्हणजे काय झालं? ज्यांना दुसरीकडे घर मिळू दिलं नाही त्यांना एका भागात कोंबलं, आणि त्या भागात घर दुरुस्त करायलाही कर्ज मिळू दिलं नाही. तरी माणसं तगून होती, कारण जवळपास कारखाने होते. साउथ गेटमधला फायरस्टोनचा टायर कारखाना १९८० मध्ये बंद झाला, जनरल मोटर्सचा मोटार कारखाना १९८२ मध्ये. बापाचा पगार थांबला आणि त्याच दशकात क्रॅक नावाचं स्वस्त कोकेन रस्त्यावर आलं. सीजे ज्या १९९२ मध्ये गल्लीत परततो, त्याच्या मागे हा सगळा हिशेब आहे.

नागपूरकराला हे वाचताना एम्प्रेस मिल आठवली नाही तरच नवल. १८७७ मध्ये जमशेटजी टाटांनी सुरू केलेली ही गिरणी २००२ मध्ये कायमची बंद झाली. आता तिच्या जागेवर मॉल आहे. आमच्या वस्तीतले निदान दहा-बारा बाप त्या भोंग्यावर उठायचे. गिरणी थांबल्यावर कोणी सायकलरिक्षा धरली, कोणी चौकीदारी. त्यांच्या पोरांपैकी दोघं नंतर 'भाई' झाले आणि तडीपारही झाले. बाकीचे झाले नाहीत, ही मोजणी कोणी करत नाही.

अमेरिकेत भेद वंशाचा, आपल्याकडे जातीचा आणि गरिबीचा. दोन्ही एकच आहेत असं मी म्हणणार नाही. पण रंग भरायची रीत ओळखीची आहे. २०१५ ची गोष्ट. आईसाठी फ्रिज घ्यायला मी बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात गेलो. नोकरीला लागून तीन वर्षं झाली होती, पगाराची स्लिप खिशात होती. हप्त्यावर घ्यायचं ठरलं. फायनान्स कंपनीच्या काउंटरवरच्या पोराने नाव टाकलं, पॅन टाकलं, पत्ता टाकला आणि थांबला. मॉनिटर थोडा स्वतःकडे वळवून म्हणाला, "दादा, तुमचा एरिया निगेटिव्ह दाखवते." मी विचारलं, म्हणजे काय? "सिस्टममधूनच येते दादा, माझ्या हातात नाही." पगाराची स्लिप त्याने उघडलीही नव्हती. त्याचा दोष नव्हता, त्याने तो रंग भरला नव्हता. पण कोणीतरी भरला होता. महिनाभराने आईने भिशी उचलली आणि फ्रिज रोखीने आणला.

२०११ च्या जनगणनेत नागपूरची लोकसंख्या २४ लाखांवर होती आणि तिच्यातला एक तृतीयांशाहून मोठा हिस्सा झोपडपट्ट्यांत राहत होता. आपण नागपूरकर शहराचे दोन भाग करतो, लेआउट म्हणजे आखीव प्लॉटांची कॉलनी, आणि वस्ती. तू लेआउटमध्ये राहतो की वस्तीत, एवढ्या एका प्रश्नात पुष्कळ काही विचारून होतं.

गेमला काय जमलं?

बरंच जमलं, आणि ते मान्य केलं पाहिजे. गेममधला खरा खलनायक शेजारची टोळी नाही. टेनपेनी नावाचा पोलीस अधिकारी आहे, त्याच्या पथकाचं नाव क्रॅश. लॉस एंजेलिस पोलिसांचं याच नावाचं टोळीविरोधी पथक खरंच होतं आणि नव्वदच्या दशकाच्या अखेरीस त्यातल्या अधिकाऱ्यांच्या भ्रष्टाचाराचं आणि खोट्या केसेसचं मोठं प्रकरण बाहेर आलं. टोळी कोणाच्या आशीर्वादाने टिकते हा प्रश्न गेमने विचारला.

गेमच्या शेवटी टेनपेनी सुटतो आणि शहर पेटतं. खरी घटना अशी: ३ मार्च १९९१ रोजी रॉडनी किंग या कृष्णवर्णीय माणसाला पोलिसांनी मारहाण केली. कोणीतरी त्याचं चित्रीकरण केलं, ते जगाने पाहिलं. तरी २९ एप्रिल १९९२ रोजी ज्युरीने त्या पोलिसांना जवळपास सर्व आरोपांतून सोडलं. त्यानंतरच्या दंगलीत साठाहून जास्त माणसं गेली, सुमारे १ अब्ज डॉलर्सचं नुकसान झालं.

मला वैयक्तिक जवळचा वाटतो तो एक छोटा प्रसंग. मधल्या काळात सीजे दुसऱ्या शहरांत जाऊन पैसेवाला होतो, बंगल्यात राहतो. मोठा भाऊ स्वीट तुरुंगातून सुटतो तेव्हा सीजे त्याला ते सगळं देऊ करतो. स्वीटला बंगला नको असतो, त्याला आधी आपली गल्ली बघायची असते. ते तिथं जातात तर गल्लीत नशेचा धंदा आणि जुने ओळखीचे लोक नशेत. वस्तीतून बाहेर पडलेला प्रत्येक माणूस या प्रसंगात कधी ना कधी उभा राहिलेला असतो. आता मी लेआउटमध्ये राहतो. पोळ्याला, दसऱ्याला वस्तीत गेलो की पहिल्या पाच मिनिटांत माझीही नजर हेच शोधते, कोण कसा दिसतोय, कोण खंगलाय.

आणि काय निसटलं?

१९९२ च्या एप्रिलच्या अखेरीस, दंगल उसळण्याच्या ऐन तोंडावर, लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागात आणखी एक गोष्ट घडली. सरकारी चाळींतल्या एकमेकांच्या वैरी टोळ्यांनी तह केला. त्याचा मसुदा करताना १९४९ च्या इजिप्त-इस्रायल युद्धबंदी कराराचा नमुना समोर ठेवला होता. म्हणजे गल्लीतली पोरं दोन देशांमधला करार पुढे ठेवून आपला करार लिहीत होती. गेम त्याच वर्षात घडतो, त्याच शहरात. पण गेममध्ये तह करायचं बटण नाही. जांभळा भाग हिरवा करता येतो. दोन्ही रंग पुसता येत नाहीत.

दुसरी निसटलेली गोष्ट आपल्या शहरातली आहे. १३ ऑगस्ट २००४ रोजी, म्हणजे हा गेम बाजारात यायच्या अडीच महिने आधी, नागपूरच्या जिल्हा न्यायालयात अक्कू यादव या गुंडाला जमावाने ठार मारलं. त्या जमावात कस्तुरबानगरच्या महिला होत्या. वर्षानुवर्षं वस्तीवर त्याची दहशत होती, बलात्काराचे आरोप होते, तक्रार करूनही दाद लागत नाही असं त्या महिला सांगत होत्या. खटला दहा वर्षं चालला आणि २०१४ मध्ये आरोपी पुराव्याअभावी सुटले. कायदा हातात घेण्याचं समर्थन मी करत नाही. न्यायालयाच्या आत कोणाचा असा जीव जावा, यात सगळ्यांचा पराभव आहे. पण या घटनेकडे वस्तीच्या बाजूने पाहिलं की कळतं, 'टोळीचा इलाका' म्हणून आपण जिला ओळखतो तिथं ती टोळी सोडून हजारो माणसं राहतात आणि त्यांची सहनशक्ती कधीतरी संपते. गेममध्ये त्या बायका म्हणजे गर्दी. गाडी जवळ आली की किंचाळून बाजूला पळणारी गर्दी.

तिसरी गोष्ट फार साधी आहे. आमच्या वस्तीत बुद्धविहार आहे, त्याला लागून अभ्यासिका. पत्र्याचं छप्पर, दोन ट्यूबलाइट, भिंतीला लावलेलं पोलीस भरतीचं वेळापत्रक. रात्री साडेअकराला तिथं चपलांची रांग असते आणि आत पंचवीस-तीस पोरंपोरी मान खाली घालून बसलेली असतात. बाहेर पानठेल्यावर चार पोट्टे खर्रा घोटत उभे असतात. गेमचा कॅमेरा नेहमी त्या चौघांवर असतो, आणि खरं सांगायचं तर बातम्यांचाही.

"पण हा खेळच आहे ना, एवढं मनावर काय घ्यायचं?"

खेळच आहे, आणि चांगला बनवलेला खेळ आहे. बुद्धिबळात प्यादं मेलं म्हणून कोणी रडत नाही, हे मलाही कळतं. फरक एवढाच की बुद्धिबळाच्या पटावर कोणाचा पत्ता लिहिलेला नसतो. कॉम्प्टन कधीही न पाहिलेल्या नागपूरच्या मुलाला कॉम्प्टनबद्दल ठाम मत आहे, आणि ते गेममधून आलं आहे. ब्राझीलमधल्या रिओ, साओ पावलो इथल्या टेकड्यांवरच्या गरीब वस्त्यांचंही तसंच, तिथं त्यांना फवेला म्हणतात. २००९ च्या एका प्रसिद्ध युद्धगेममध्ये 'फवेला' नावाचा नकाशाच आहे, गोळीबाराचं मैदान म्हणून. एखाद्या जागेचं एकच चित्र लाखो लोकांच्या मनात बसलं की त्या जागेवरून आलेल्या माणसाला नोकरी मागताना, खोली भाड्याने घेताना, हप्त्यावर फ्रिज घेताना त्या चित्राशी झगडावं लागतं.

"असे गेम खेळून मुलं गुन्हेगार होतात का?"

ताईने हा प्रश्न विचारला, काळजीने विचारला. माझं उत्तर तिला पटायला वेळ लागला.

अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने २०२० मध्ये सगळ्या अभ्यासांचा पुन्हा आढावा घेतला. हिंसक गेम आणि ओरडणं, ढकलणं यांसारखी आक्रमक वागणूक यांत लहानसा संबंध दिसतो, पण खून-मारामारीसारख्या हिंसेचं कारण गेम आहेत असं म्हणायला पुरेसा पुरावा नाही, असं तिने सांगितलं. हिंसेचं खापर गेमवर फोडल्याने खऱ्या कारणांकडे दुर्लक्ष होतं, असंही बजावलं. माझा अनुभव याच बाजूचा आहे. वस्तीतले जे दोघं भाई झाले, त्यांच्या घरी कॉम्प्युटर नव्हता.

तरी वयाचा मुद्दा सोडू नका. युरोपच्या वर्गवारीत हा गेम १८ वर्षांवरच्यांसाठी आहे, आणि ती अट वाजवी आहे. त्यात शिवीगाळ आहे, रक्तपात आहे, बायकांचं चित्रण अनेक ठिकाणी हीन आहे. दहा वर्षांच्या मुलाच्या हातात तो देऊ नये. मोठं पोरगं खेळत असेल तर हिसकावून घेण्यापेक्षा शेजारी बसून बघा, विचारा. काही पालक इथं २०२५ च्या ऑनलाइन गेमिंगच्या कायद्याचा हवाला देतात. तो कायदा पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणतो, त्याचा या गेमशी संबंध नाही.

"मग नागपूरवर असा गेम निघाला तर?"

हे भाच्यानेच विचारलं, डोळे चमकवून. निघावा, मला आवडेल. बर्डीचा पूल, इतवारीच्या गल्ल्या, पहाटेचे तर्री-पोहे, नाग नदीकाठची वस्ती. आणि टोळीही असू दे, कारण ती आहे. फक्त तो बनवणाऱ्यांत वस्तीतलं कोणीतरी हवं, नुसतं बोलीभाषा तपासायला नको, नकाशा आखायला हवं. त्यात हप्ता मागायला आलेल्याला अख्खी भिशी एकजुटीने नाही म्हणते, असा एक तरी टप्पा हवा. पत्ता ऐकून कर्ज नाकारणारं काउंटर हवं आणि तिथं खेळणाऱ्याने काय करायचं ते त्याचं त्याला शोधू द्यावं.

"हे तर लई कठीण लेव्हल होईन," भाचा म्हणाला.

मग तो पुन्हा सॅन अँड्रियासमध्ये शिरला, पण या वेळी गाडी चोरली नाही. सीजेला ग्रोव्ह स्ट्रीटच्या टोकापर्यंत पायी चालवत नेलं, एकेका घरासमोर थांबवत. मी चष्मा लावून त्याच्या खांद्यावरून बघत होतो. स्वयंपाकघरातून ताई ओरडली, नळ गेले, कोणी बादली भरली का. भाचा स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाला, "मामा, इथं नळ कुठं आहे बाप्पा? हे लोकं पाणी कुठून भरतात?"